शस्त्रक्रियेनंतरचे आठ दिवस : दात, हिरड्या आणि जबडा यांचा एक इतिहास

दंतवैद्यकाचा इतिहास आजवर बहुधा हत्यारांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणी कोणता चिमटा काढला, कोणी कोणती धातू वापरली, कोणाचे नाव कोणत्या पद्धतीस मिळाले, हे सारे त्यात तपशीलवार सापडते. पण खुर्चीतून उठून, गालाला रुमाल लावून घरी गेलेल्या माणसाचे पुढचे आठ दिवस कसे गेले, त्याला झोप लागली की नाही, भाकरी खाता आली की नाही, तो कामावर केव्हा परतला, हे ओळी-दोन ओळींत आटोपलेले असते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. यंत्राची गोष्ट सांगताना यंत्रावरच्या माणसाला वगळले की ती गोष्ट अर्धी राहते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून हिरडीची शस्त्रक्रिया आणि जबड्यात दात रोवण्याची शस्त्रक्रिया यांचा इतिहास आज आम्ही रोग्याच्या बाजूने सांगणार आहो.

जबड्यात परका दात रोवण्याची कल्पना आजची नव्हे. १९३१ साली मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात विल्सन पोपेनो ह्या संशोधकास एक जुना जबडा सापडला. तो सुमारे इसवी सनाच्या सातव्या शतकातला असावा असे मानतात. खालच्या जबड्यातील पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे, दाताच्या आकाराला घासलेले तुकडे बसविलेले होते. मेल्यावर प्रेत सजविण्यासाठी ते घातले असावेत, अशी प्रथम समजूत होती. पुढे १९७० च्या सुमारास क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा त्या तुकड्यांभोवती नवे हाड धरलेले दिसले. हाड धरते ते जिवंत माणसात. म्हणजे बधिर करणारे इंजेक्शन नसता, टाके नसता, कोणी एक माणूस हे सोसून उठला, जेवला, आणि हाड भरून येईपर्यंत जगला. त्याचे नाव कोठे नाही.

ह्यानंतरचे प्रकरण आम्हांस फार अस्वस्थ करते. अठराव्या शतकात लंडनमध्ये श्रीमंतांच्या तोंडात गरिबांचे दात बसविण्याचा धंदा चालला होता. जॉन हंटर हा त्या काळचा मोठा शल्यवैद्य. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला होता, आणि १७७१ मध्ये दातांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या अधिकाराने ह्या व्यवहाराला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. दात ताजा हवा, म्हणून देणारा आणि घेणारा दोघेही एकाच खोलीत बसविले जात. रोलंडसन ह्या व्यंगचित्रकाराने १७८७ साली ह्याच प्रसंगाचे चित्र काढले. त्यात धुराडी साफ करणाऱ्या काजळीने माखलेल्या पोराचा दात उपटला जात आहे आणि शेजारी उंची पोशाखातील बाई वाट पाहत बसली आहे. अमेरिकेतही हेच. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जमाखर्चाच्या वहीत १७८४ च्या मे महिन्यात नऊ दातांसाठी निग्रोंना सहा पौंड दोन शिलिंग दिल्याची नोंद आहे. हे निग्रो म्हणजे गुलाम. रोवलेले दात बहुधा काही काळाने हलू लागत आणि पडत, शिवाय एकाच्या तोंडातला रोग दुसऱ्याच्या तोंडात जाई. घेणारीच्या दुखण्यावर वैद्याची नजर असे. देणाऱ्या पोराच्या हिरडीत जो खड्डा पडला, त्याची विचारपूस कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. दुसऱ्या दिवशी ते पोर पुन्हा धुराड्यात चढले असेल.

दुखणे थांबविण्याचा शोध दातांच्याच खुर्चीत लागला, ही गोष्ट दंतवैद्यांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स ह्या दंतवैद्याने स्वतः नायट्रस ऑक्साइड वायू हुंगला आणि जॉन रिग्ज ह्या आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ उपटून घेतली. दुखले नाही. पुढच्याच महिन्यात बोस्टनमध्ये जाहीर प्रयोग करताना मात्र रोगी कण्हला, जमलेल्यांनी वेल्सची टर उडविली, आणि १८४८ मध्ये त्या बिचाऱ्याने आत्महत्या केली. दरम्यान १८४६ मध्ये मॉर्टनने ईथरचा प्रयोग यशस्वी करून दाखविला व कीर्ती त्याच्या पदरात पडली. १८८४ मध्ये व्हिएन्नात कोलरने कोकेनने डोळा बधिर केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेड आणि त्याच्या सोबत्यांनी जबड्याच्या शिरेजवळ कोकेनचे इंजेक्शन देऊन अर्धा जबडा बधिर केला. हे प्रयोग त्यांनी एकमेकांवर केले, आणि हॉल्स्टेडला कोकेनचे व्यसन जडले ते सुटता सुटेना. मग १९०५ मध्ये नोव्होकेन आले, व १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लोफग्रेनने लिडोकेन तयार केले. १९४८ पासून ते विकले जाऊ लागले. आज आपल्या गावातल्या दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते बहुधा हेच किंवा ह्याच्याच घराण्यातले.

परंतु श्रोते हो, ह्या साऱ्या शोधांनी शस्त्रक्रियेचे दुखणे घालविले. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे तसेच राहिले. इंजेक्शनचा अंमल तीन-चार तासांत उतरतो, आणि तोवर रोगी घरी पोहोचलेला असतो.

वेल्सची दाढ उपटणारा रिग्ज आमच्या विषयाला पुन्हा उपयोगी पडतो. हिरड्या सुजणे, त्यांतून पू येणे, दात हलणे ह्या रोगाला अमेरिकेत पुष्कळ काळ त्याचेच नाव होते. रिग्जचे म्हणणे असे, की हिरडी कापू नका, दातावर चढलेले कीटण आणि घाण खरवडून काढा, हिरडी आपोआप बसेल. त्याच्या विरुद्ध कापणाऱ्यांचा पंथ होता. १८८४ मध्ये रोबिचेक ह्या वैद्याने रोगट हिरडीची कडाच कापून टाकण्याची पद्धत सांगितली. तीत हाड उघडे पडे, ते खरवडले जाई, आणि ती उघडी जखम खालून वर हळूहळू भरून यावी लागे. भाजलेल्या कातडीवर मीठ पडावे तसे जेवणाचे प्रत्येक तिखट तिच्यावर पडे. १९१८ मध्ये स्वीडनच्या लिओनार्ड विडमनने हिरडी कापून फेकण्याऐवजी पडद्यासारखी उचलायची, खाली साफ करायचे आणि पुन्हा शिवून टाकायची, अशी पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या पद्धतीत रोग्याला त्रास कमी होतो, हा तिचा एक मोठा गुण म्हणून त्याने मांडला. रोग्याचा त्रास हा पद्धत निवडण्याचा निकष आहे, असे म्हणणारा माणूस आम्हांस आवडतो. पुढे १९२३ मध्ये वॉर्ड ह्याने जखमेवर बसविण्याचा लेप काढला, त्यात जस्ताची भस्म आणि लवंगेच्या तेलातला अर्क होता. आपल्या आजीबाई दुखऱ्या दाताखाली लवंग धरावयास सांगत, ती अशी पाश्चात्त्य दवाखान्यातून पुड्या बांधून परत आली. आज टाके चांगले असल्याने ह्या लेपाची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही.

जबड्याच्या हाडाचा विषय निघाला म्हणजे आगपेटीच्या कारखान्याची आठवण टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकात काड्यांच्या गुलाला पांढरा फॉस्फरस वापरीत. त्याच्या वाफा कीड लागलेल्या दातांतून हाडात शिरत, आणि जबडा जिवंतपणी कुजे. उपाय एकच, जबडा कापून काढणे. लंडनमधील ब्रायंट अँड मे कारखान्यातील सुमारे चौदाशे बायका-मुलींनी जुलै १८८८ मध्ये संप केला. त्यांची बाजू वर्तमानपत्रातून मांडणाऱ्या ॲनी बेझंट ह्याच पुढे हिंदुस्थानात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. दंड, मजुरी, जेवणाची जागा ह्या मागण्यांवर संप जिंकला. फॉस्फरस मात्र राहिला. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, फॉस्फरसचे रोगी सरकारला न कळविल्याबद्दल ह्याच कारखान्याला दंड झाला. १९०६ च्या बर्न येथील कराराने पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी येऊ लागली आणि हिंदुस्थानात त्याचा कायदा १९१३ मध्ये झाला. हे आम्ही केवळ चळवळीच्या अभिमानाने सांगत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील शल्यवैद्य मार्क्स ह्यांनी दाखवून दिले, की हाडे ठिसूळ झालेल्यांना आणि काही कर्करोग्यांना जी बिस्फॉस्फोनेट नावाची औषधे देतात, ती घेणाऱ्या काही जणांचा जबडा दात काढल्यावर भरून येत नाही, हाड उघडे पडते. त्या काडीवाल्या पोरींचा रोग दुसऱ्या दाराने आत आला. म्हणून हाडांची गोळी किंवा इंजेक्शन चालू असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी दंतवैद्याने विचारण्याची वाट न पाहता ते आधी सांगावे.

आता दात रोवण्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ग्रीनफील्डने इरिडियम मिसळलेल्या प्लॅटिनमच्या तारेची पोकळ टोपली हाडात बसविली. १९३० नंतर बोस्टनच्या स्ट्रॉक बंधूंनी व्हिटॅलियमचे स्क्रू घातले, त्यांतला एक पंधरा वर्षांहून अधिक टिकला. त्यानंतर १९४० च्या दशकात स्वीडनच्या डालची पद्धत आली. हाडात काही घालावयाचे नाही, हिरडीखाली हाडावर जाळीचे खोगीर ठेवावयाचे. ऐकावयास सौम्य वाटते. पण खोगीर हाडाच्या मापाचे हवे, म्हणून सबंध जबड्याची हिरडी सोलून उघड्या हाडाचा साचा घेत आणि हिरडी शिवीत. खोगीर तयार झाले की तीच हिरडी पुन्हा उघडीत. एक दुखणे भरून येते न येते तोच दुसरे. कवळी न टिकणाऱ्या माणसाची लाचारी किती असेल, हे ह्या पद्धतीला रोगी मिळत गेले ह्यावरूनच ताडावे. आणि असे लोक थोडे नव्हते. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधील प्रौढांपैकी शेकडा ३७ जणांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. कोळशाच्या खाणीतून वर आलेल्या अन्युरिन बेव्हनने १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, ते कवळ्या आणि चष्मे ह्यांवर शुल्क बसविल्याच्या कारणावरून, हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

मूळ शोध दातांच्या शोधात लागलाच नाही. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडनच्या लुंड विद्यापीठात १९५२ च्या सुमारास हाडातील रक्त कसे वाहते ते पाहत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियमची बारीक दुर्बीण-नळी बसविली होती. प्रयोग संपल्यावर नळी काढू गेले, तर निघेना. हाड धातूला चिकटून बसले होते. टिटॅनियम तोवर मुख्यतः विमानांच्या कामी येई. त्याचे एक खनिज इल्मेनाइट आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे. हाडाने धातूला आपलेसे करण्याच्या ह्या गोष्टीला ब्रोनेमार्कनी पुढे ऑसिओइंटिग्रेशन हे नाव दिले.

१९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे योस्ता लार्सन नावाचा रोगी पुढे आला. वय चौतीस. टाळू जन्मतःच फाटलेला, हनुवटी-जबडा बेढब, खालचे दात नाहीत. खाणे कठीण, बोलणे कठीण. त्याच्या खालच्या जबड्यात चार टिटॅनियमचे स्क्रू घातले, हिरडी वरून शिवून टाकली, आणि काही महिने त्यांना हात लावला नाही. मग हिरडी उघडून त्यावर दात बसविले. लार्सन २००६ मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षे ते दात त्याने वापरले. पण स्वीडनमधील प्राध्यापकांनी ब्रोनेमार्कना बरीच वर्षे जवळ केले नाही. हा तर दंतवैद्यही नव्हे, असा एकंदर सूर. १९७४ मध्ये तेथे राष्ट्रीय दंतविमा सुरू झाला होता, आणि पद्धतीस सरकारी मान्यता १९७६ मध्ये मिळाली. १९८१ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापला. ३७१ रोगी, २७६८ स्क्रू. वरच्या जबड्यातील शेकडा ८१ व खालच्या जबड्यातील शेकडा ९१ टिकले होते. १९८२ मध्ये टोरंटोच्या परिषदेत अमेरिकेतील विद्वानांनी हे मान्य केले, आणि मग जगभर त्याचा प्रसार झाला.

ह्या पद्धतीत रोग्याच्या सुखाचे रहस्य कोठे आहे, हे आमच्या लेथवरच्या माणसांना चटकन कळते. लोखंडात भोक पाडताना ड्रिल तापते, म्हणून कूलंट सोडतो. हाड तर जिवंत. ब्रोनेमार्कचे सहकारी एरिक्सन व आल्ब्रेक्ट्सन ह्यांनी १९८३ मध्ये सशांवर दाखविले, की ४७ अंश सेल्सियस उष्णता एक मिनिट लागली तरी हाड बिघडते. म्हणून ड्रिलवर मिठाच्या पाण्याची धार सतत सोडावयाची, भोक टप्प्याटप्प्याने मोठे करावयाचे, आणि आटे पाडताना मिनिटाला पंधरा-वीस फेरेच द्यावयाचे. धार लागलेले ड्रिल, थंड पाणी, घाई नाही. हाड भाजले नाही तर दुखणे कमी आणि पकड घट्ट. दाढ उपटताना जितके दुखले तितके हे दुखले नाही, असे पुष्कळ रोगी सांगतात. हाडाच्या आत दुखणे कळविणाऱ्या शिरा फार नाहीत. दुखते ती उचललेली हिरडी आणि हाडावरचे पातळ आवरण.

तरीही जुन्या पद्धतीत रोग्याला एक जाच होता, त्याचा उल्लेख ग्रंथात कमी येतो. जखमेवर दाब नको, म्हणून पहिले दहा-चौदा दिवस कवळी घालू देत नसत. त्यानंतरही खालच्या जबड्याला तीन-चार आणि वरच्याला सहा महिने थांबावे लागे. बोळक्या तोंडाने दुकानाच्या गल्ल्यावर बसणे, शाळेत शिकविणे, लग्नकार्यात हिंडणे हे दुखण्याहून जड जाते. स्वित्झर्लंडमधील श्रोडर ह्यांच्या मंडळींनी स्क्रूचे डोके हिरडीबाहेर ठेवून दुसरी शस्त्रक्रिया वाचविली. आता निवडक रोग्यांना त्याच दिवशी तात्पुरता दात देतात.

आता त्या आठ दिवसांविषयी. पहिल्या दिवशी थोडे रक्त लाळेत मिसळून येते. ते थुंकत राहू नये, थुंकण्याने गाठ सुटते. कापसाची घडी दाबून धरावी. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, थोडा वेळ ठेवून थोडा वेळ काढून. चूळ जोराने भरू नये, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्या. सूज लगेच पुरती येत नाही, ती ४८ ते ७२ तासांत सर्वांत मोठी होते आणि मग ओसरते. हे आधी सांगितलेले नसले की तिसऱ्या दिवशी आरशात पाहून माणूस घाबरतो. गालावर काळे-निळे, मग पिवळे डाग पडतात, ते गळ्याकडेही उतरतात. जबडा आखडतो, मोठा घास घेता येत नाही. मऊ भात, पेज, वरण, दही ह्यांवर दिवस काढावे. टाके आठ-दहा दिवसांनी काढतात. काळजी करावयाची ती दुसऱ्याच खुणांची. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, ताप, पू, आणि इंजेक्शनचा अंमल उतरल्यावरही खालचा ओठ व हनुवटी बधिर राहणे. खालच्या जबड्यातून एक मोठी शीर जाते. तिला धक्का लागला असेल तर ते त्याच दिवशी दंतवैद्याला कळवावयास हवे. आठ दिवस वाट पाहून चालणार नाही.

तंबाखूविषयी बोलल्यावाचून आमच्या लोकांपुढे हा विषय पुरा होणार नाही. विडीच्या धुराने हिरडीतील रक्तप्रवाह आकसतो आणि जखम उशिरा भरते, रोवलेला दात निसटण्याचे प्रमाणही वाढते. गुटखा-सुपारीने तोंडाच्या आतले कातडे ताठरते, आणि पुढे पुढे तोंड दोन बोटेही उघडत नाही. तेथे ड्रिल आत जाणार कसे? महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पुड्या मात्र पाळी सुटताना गेटाबाहेर आम्हांस दिसतात.

दुखण्याच्या गोळीचीही गंमत आहे. नवी वेदनाशामके कितपत काम करतात हे जगात कशावर तपासतात? अक्कलदाढ काढलेल्या माणसांवर. १९७० च्या दशकापासून ही चाल पडली, कारण हे लोक बहुधा तरुण, एरवी निरोगी, आणि दुखणे सर्वांचे सारखे, ठराविक वेळी येणारे. म्हणजे डोकेदुखीवर आपण जी गोळी घेतो, तिच्यामागे हजारो सुजलेले गाल आहेत. आयबुप्रोफेन ही गोळी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे स्टुअर्ट ॲडम्स ह्यांनी शोधली आणि १९६९ मध्ये ती तेथे आली. दातांच्या दुखण्यावर ती आणि पॅरासिटॅमॉल मिळून अफूच्या कुळातील गोळ्यांइतकेच किंवा अधिक काम करतात, असा आता निर्वाळा मिळालेला आहे. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्याने मात्र ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

राहिला कामावर परतण्याचा प्रश्न, आणि तो आमच्या रोजच्या कामाचा. बैठे काम करणारा माणूस एक-दोन दिवसांत परततो. भट्टीपुढे उभा राहणारा, ओझे उचलणारा परतला, तर वाकताना व जोर लावताना रक्त डोक्याकडे धावते, जखम ठणकते आणि पुन्हा वाहू लागते. त्याला तीन-चार दिवस तरी हवेत. १९४८ मध्ये राज्य विमा कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारपणात मजुरीचा काही भाग मिळू लागला, ही कामगारांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. पण त्या कायद्यात आजारपणाचे पहिले दोन दिवस बिनपैशाचे ठेविले. खोटे आजारी पडणारे टळावेत हा हेतू. तो करणाऱ्यांनी हिरडीचे वेळापत्रक पाहिले नव्हते. आमच्याकडे कामगार शनिवारी पाळी संपल्यावर दात करून घेतात, रविवार फुकट मिळतो म्हणून. मग सूज सोमवारी-मंगळवारी, ऐन पाळीत, सर्वांत मोठी. अलीकडे काही शहाणे गुरुवारची वेळ मागतात. सूज शनिवार-रविवारी घरी येऊन जाते, आणि शुक्रवारची मजुरी जाते.